दाराआडची साळूआक्का

माझं कपाळ रिकामं आहे, हे मला कोऱ्हाळ्यात आल्यावर कळलं. तोवर ते लक्षात यायचं कारणच नव्हतं. नगरला आमच्या वस्तीत आई, मावशी, शेजारणी, शाळेतल्या बाई, सगळ्यांचीच कपाळं तशी. गळ्यात काळी पोत, हातात काचेच्या बांगड्या आणि कपाळ स्वच्छ धुतलेलं. पन्नास सालानंतरच्या त्या दिवसांत ह्यांची बारामती तालुक्यातल्या कोऱ्हाळे बुद्रुकच्या शाळेवर मास्तर म्हणून नेमणूक झाली आणि तान्ह्या रिबकाला काखेला मारून मी बैलगाडीतून गावात उतरले. चावडीजवळच्या बायका आधी माझ्या पोतीकडे बघायला लागल्या, मग कपाळाकडे, मग ह्यांच्याकडे. नवरा तर चांगला हिंडता-फिरता दिसतोय, मग ही बाई अशी का? एकीनं मला ऐकू जाईल अशा बेतानं दुसरीला विचारलंही, "दादला जिता हाय न्हवं हिचा?"

राहायला जागा मिळेना. कोण म्हणायचं तुम्ही, असं कुणी विचारलं की हे 'ख्रिस्ती' म्हणायचे. "ते झालं, पन त्येच्या आदी कोन?" हा पुढचा सवाल ठरलेला. आजोबांची जात सांगायला ह्यांना कधी लाज वाटली नाही. ते सरळ सांगून टाकत, आणि मग ती जागा नेमकी कालच दुसऱ्या कुणाला दिलेली निघे. पहिले काही दिवस आम्ही शाळेच्या पडवीत काढले. माझा राग मुळातच नाकाच्या शेंड्यावर. मी ह्यांना स्पष्ट सांगितलं, नाताळापर्यंत वाट बघते. तोवर इथं चार माणसं आपली म्हणण्यासारखी झाली नाहीत तर मी पोरीला घेऊन नगरला जाते, तुम्ही खुशाल नोकरी करा. हे शांतपणे 'बरं' म्हणाले. त्या 'बरं'चा मला आणखी राग आला.

अशात एका दुपारी एक उंच, काटक, साठीकडे झुकलेली बाई पडवीपाशी आली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. अंगावर विटकं काळसर लुगडं, हात ओके, पदर कपाळाच्या खालपर्यंत ओढलेला. भिंतीशी बोलावं तशी ती बोलायला लागली.

"माज्या वाटणीला दोन खण आल्यात. एक देते. भिताड वलं करायचं न्हाय अन् चूल वाऱ्याच्या तोंडाला लावायची न्हाय."

"आजी, आमची जात..." ह्यांनी सुरुवात केली.

"कळलीया समद्या गावाला. मी बी गावातच ऱ्हाते."

ही साळूआक्का. माळ्याच्या घरातली, लग्न होऊन आली तेव्हा लुगडं नीट नेसता येत नव्हतं आणि ते यायला लागायच्या आत नवरा गेला. दिराचं मोठं घर, त्याला चिकटून हिचे दोन खण. आम्हाला जागा दिली म्हणून दीर तणतणत आला. वहिनी, घर बाटवलंस, म्हणाला. आक्का वांगी निवडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "माज्या खणात आजवर कोन आलंय, म्हून आता यायचं ऱ्हाईल?" दीर आला तसा गेला. माझ्या डोक्यावर छप्पर आलं ते असं.

चार दिवसांत माझ्या ध्यानात आलं की ही बाई कुणाच्या समोर म्हणून येत नाही. दारातून बाहेर पडायच्या आधी ती खाकरायची. बाहेर कुणी कुठं निघालेलं असेल तर त्यानं तोंड फिरवावं, नाहीतर थांबावं, म्हणून ते खाकरणं. गावातला कोण कधी घर सोडतो याची तिला तलाठ्यापेक्षा जास्त माहिती. अमक्याची गाडी उसाच्या खेपेला जाणार, तमक्याची सून माहेरी निघणार, पलीकडच्या आळीतला कोर्टाच्या कामाला बारामतीला चाललाय. त्या त्या वेळी आक्का त्या वाटेवर नसायची. बाजारच्या दिवशी दिराची माळव्याची गाडी भरायची. वांगी, गवार, भेंडी, सगळं आदल्या संध्याकाळी आक्कानंच वाकून वाकून तोडलेलं. पण गाडी हलायच्या वेळी ती गोवऱ्यांच्या रचलेल्या कलवडाआड जाऊन बसायची. का, तर निघत्या गाडीला पांढऱ्या कपाळाची बाई आडवी आली तर माल पडून राहतो. "आपलं कडंनं जावं," हे तिचं पालुपद. ते ती कुरकुरत म्हणत नसे. भाकरीला मीठ जरा बेतानं घाल, असं सांगावं तसं म्हणे.

एके दिवशी मला जवळ बसवून तिनं ही विद्या शिकवायला काढली. पाण्याला कधी जायचं, देवळाकडची वाट कधी टाळायची, बोळात कुणी समोरून आलं तर कुठल्या भिंतीला लागायचं. मी ऐकून घेतलं आणि मग माझा भडका उडाला. "आक्का, माझा नवरा जिवंत आहे!"

"अगं पन ते तुज्या कपाळाला कुठं ठावं?" ती म्हणाली. "मानसं गळ्यातलं बगाया थांबत न्हाईत. कपाळ बगत्यात अन् माघारी फिरत्यात. मला चाळीसाच्या वर वर्सं झाली, मला इचार."

मी तिला आमचं सगळं समजावून सांगितलं. आमच्यात शकुन-अपशकुन नाही, विधवा-सवाष्ण असा भेद नाही, देवाला सगळी कपाळं सारखी. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "बरं हाय बाई तुमचं." तेवढंच. मग उठून मला विहिरीवर घेऊन गेली.

विहिरीचं तर मला अजून नवल वाटतं. गावातल्या पिण्याच्या विहिरीवर आम्हाला पाणी भरू देतील अशी आशा नव्हती. लांबच्या ओढ्यातून मी पाणी आणत होते. आक्कानं कुणाशी वाद घातला नाही, पंचांकडे गेली नाही. ती स्वतः झुंजूमुंजू व्हायच्या आत पाणी भरायची, कारण त्या वेळी ती कुणाला आडवी येत नसे. तिनं मला रोज त्या वेळेला सोबत न्यायला सुरुवात केली. ती एक घागर शेंदायची, मग पोहरा माझ्या हातात द्यायची. असा महिना गेला. मग एकदा एक म्हातारा लवकर उठला आणि त्यानं आम्हाला बघितलं. गावात ओरड झाली. दाराशी माणसं जमली तेव्हा आक्का आतूनच बोलली, "महिना झाला ती पानी भरतीया. तुमी बी त्येच पानी पिताय. बाटायचं हुतं ते बाटून झालं, आता का उगा घसा सुकवताय?" बाहेर बराच वेळ कुजबुज चालली. मग एकेक जण निघून गेला. महिनाभराचं पाणी पोटातून काढायची युक्ती कुणाला सापडली नसावी. पुढे मी उजाडल्यावर जायला लागले तरी मला कुणी हटकलं नाही.

आमच्या मंडळीतली, म्हणजे ख्रिस्ती, माणसं तालुक्यात इकडे तिकडे विखुरलेली. कुणी दवाखान्यात, कुणी साखर कारखान्यात, एकजण कऱ्हाटीच्या शाळेवर. ह्यांनी हळूहळू त्यांचा माग काढला आणि रविवारी आमच्या खणात उपासना सुरू झाली. टाळ घेऊन भजनं व्हायची, ती ऐकायला आळीतली पोरं दारात गोळा व्हायची. या सगळ्यांत वडीलधाऱ्या म्हणजे बारामतीच्या सुंदराबाई. विधवा होत्या. ऐन तारुण्यात नवरा पटकीनं गेलेला. पण आल्या की पुढे बसायच्या, प्रार्थना त्यांनीच सांगायची, आणि निघताना सगळ्यांच्या डोक्यावर हात ठेवायचा तोही त्यांनीच. कुणी नव्या नोकरीवर निघालं असलं तर तो मुद्दाम सुंदराबाईंच्या पाया पडून जायचा.

दोन खणांच्या मधल्या भिंतीला एक खिंडार होतं. आक्का त्यातून हे सगळं बघत असणार. एका रविवारी सगळे गेल्यावर तिनं मला विचारलं, "ती म्हातारी रांडमुंड हाय न्हवं?"

"हो."

"अन् ती पुढं बसती?"

"हो."

"तिनं हात ठिवल्याला मानूस सुखरूप जातो?"

"जातो की. तुम्ही बघताच."

दुसऱ्या दिवशी सकाळी हे शाळेला निघाले तर आक्का दारासमोर, वाटेच्या मधोमध, कमरेवर हात ठेवून उभी. खाकरली नाही, पाठ केली नाही. ह्यांना डोक्यापासून पायापर्यंत निरखून म्हणाली, "मास्तर, टोपी वाकडी हाय." ह्यांनी टोपी सरळ केली. "आता जावा." मग माझ्याकडे वळून, जरा धास्तावूनच, म्हणाली, "तुमच्यात चालतंय म्हनालीस न्हवं?"

"चालतंय, आक्का."

तेव्हापासून तिचा हा नेमच झाला. रोज सकाळी ह्यांच्या समोर येऊन उभं राहायचं. सदऱ्याचं बटण, चपलेचा अंगठा, टोपी, काहीतरी चूक काढायचीच. काही सापडलं नाही तर "आज बरा दिसतोयस" म्हणायचं. त्या वेळी तिचा पदर डोक्यावरून मागे सरकलेला असायचा आणि तिचं तोंड चांगलं दिसायचं. नाक सरळ, हनुवटीवर गोंदलेला ठिपका. तरुणपणी ही बाई देखणी असणार. अख्ख्या गावात ती सकाळी समोर येत असे ती फक्त आमच्या. नाताळाला तिनं आम्हाला गुऱ्हाळावरची काकवी आणून दिली आणि मंडळी जेवायला बसली तेव्हा ती खिंडारातून न बघता दारात येऊन बसली. नगरला जायचं मी त्यानंतर कधी बोलले नाही. ह्यांनीही आठवण करून दिली नाही, ते शहाणपणाचं केलं.

एवढं सगळं झालं तरी दिराच्या घराकडे आक्का तशीच वागायची, कारण तिथं किसन होता. दिराच्या पहिल्या बायकोचा मुलगा. तो रांगत असताना त्याची आई गेली आणि आक्कानं त्याला वाढवलं. दिरानं दुसरी बायको केली तरी पोरगा आक्काच्याच हातचं खायचा. पण शाळेत पहिल्यांदा गेला, कुस्तीला पहिल्यांदा उतरला, प्रत्येक वेळी तो निघताना आक्का कलवडाआड. अठराव्या वर्षी तो पलटणीत भरती झाला आणि त्याचा जायचा दिवस ठरला.

आदल्या दिवशी आक्का माझ्याकडे आली. बराच वेळ रिबकाशी खेळत बसली. मग म्हणाली, "तुजं एक काम हाय. तू सवाशीण हाईस. उद्या सकाळी भरली घागर घिऊन त्येच्या वाटंला आडवी ये. लई चांगला शकुन असतो."

"येईन की आक्का. त्यात काय!"

"पन कुंकू लावून ये. येकच दिस. लगी पुसून टाक."

ज्या बाईनं मला घर दिलं, पाणी दिलं, तिनं आजवर काहीच मागितलं नव्हतं. आणि मागितलं ते हे. बाहेरच्या माणसाला वाटेल, बोटभर कुंकवाचा काय एवढा बाऊ! पण माझ्या आजीनं ख्रिस्ती होताना ते पुसलं तेव्हा तिच्या माहेरानं तिला तोडलं होतं. त्या कपाळापायी तिनं जे सोसलं ते ऐकत मी लहानाची मोठी झाले होते. ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "लावलंस तर देव रागावणार नाही. पण तुझं तुला खोटं वाटेल की नाही, ते तू बघ." संध्याकाळी मी आक्काकडे गेले आणि म्हटलं, "घागर घेऊन येते, आक्का. पण अशीच येईन. कुंकू लावून नाही."

मला वाटलं होतं ती चिडेल. ती म्हणाली, "अशी नगं येऊस. तुजं खरं हाय. तुजा देव तुला अन् माजं भ्या मला."

"मग तुम्हीच या ना पुढं. आमच्या ह्यांच्या समोर रोज येता, त्यांना काय झालं?"

"मास्तरची गोष्ट येगळी. किसन्याच्या जिवाला काय कमी-जास्त झालं तर मी कुनाच्या तोंडाकडं बगू?"

सकाळी दिराच्या अंगणात माणसं जमली. आक्का माझ्या खणात येऊन भिंतीला टेकून खाली बसली. माझी खिडकी त्या अंगणावर उघडत होती. "तू बग," ती म्हणाली, "अन् मला सांग."

मी सांगत गेले. आता सावत्र आईनं ओवाळलं. आता हातावर दही घातलं.

"खाल्लं का?"

"खाल्लं."

"डोक्याला काय हाय?"

"गुलाबी पटका."

"त्यो मी घडी करून ठिवला हुता," ती म्हणाली. "पायात?"

"नव्या वहाणा."

"चावत्याल त्या. पुढं?"

"आता वडिलांच्या पाया पडला. इकडंतिकडं बघतोय. कुणाला तरी शोधतोय बहुतेक."

आक्कानं गुडघ्यांत तोंड घातलं. "चालाया लागला का?"

किसन निघाला. बोळाच्या टोकापर्यंत गेला, वळला आणि दिसेनासा झाला. आक्कानं मान वर न करता विचारलं, "मागं वळून बगितलं का त्यानं?"

त्यानं बघितलं नव्हतं. पण तिची ती वाकलेली मान बघून माझ्यानं खरं बोलवेना. कुंकवाचं खोटं नको म्हणणारी मी पटकन बोलून गेले, "हो आक्का. खिडकीकडंच बघितलं."

ती ताडकन उभी राहिली. चेहरा पांढराफटक. "बगितलं? अगं, जानाऱ्यानं मागं बगू न्हाय! मागं बगितल्याला मानूस..." मी तिचे दोन्ही हात धरले. "नाही, नाही आक्का, खोटं बोलले मी. नाही बघितलं त्यानं. सरळ गेला, मान ताठ ठेवून गेला. देवाशपथ." देवाची शपथ घ्यायला आमच्यात मनाई आहे, पण त्या वेळी मला दुसरं काही सुचलं नाही.

"खरं?"

"खरं. एकदाही नाही बघितलं."

"गुनाचं हाय माजं," ती म्हणाली आणि खाली बसून रडायला लागली. मीही रडले.

वर्षभरानं किसन रजेवर आला. दंड भरलेले, सोबत आक्कासाठी जाडजूड घोंगडी. आक्कानं मला त्याच्याकडे बोट दाखवून म्हटलं, "बग." माझ्याकडे बोलायला पुष्कळ होतं, पण तिच्यासमोर तो धडधाकट पोरगा उभा होता.

कोऱ्हाळ्यात आमची चार वर्षं गेली. मग ह्यांची बदली इंदापूर तालुक्यात, वरकुट्याला झाली. निघायच्या सकाळी गाडीत सामान भरलं. अख्खी आळी लोटली. ज्या बायकांनी पहिल्या दिवशी माझ्या कपाळाकडे बघितलं होतं त्यांतलीच एक रिबकाच्या हातात शेंगांचा खाऊ देत होती. दिरानं स्वतः गुळाची ढेप आणून गाडीत ठेवली. सगळे होते, आक्का नव्हती. हे टोपी हातात घेऊन वाटेच्या मधोमध उभे होते, आता येईल, मग येईल, म्हणून.

मी परत आत गेले. रिकाम्या खणात दाराच्या फळीआड आक्का भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"आक्का, हे काय? हे वाट बघतायत. रोज तर समोर येता."

"रोजचं वायलं," ती भिंतीलाच म्हणाली. "सांच्याला मास्तर माघारी येत हुता. आज तुमी जायला निगालाय. पोर हाय संगट."

"आमच्यात असलं काही नसतं, आक्का. तुम्हाला माहीत आहे."

"तुमच्यात न्हाय. माज्यात हाय."

चार वर्षांपूर्वीची मी असते तर तिचा हात धरून तिला ओढत बाहेर नेलं असतं. पण मला आता कळत होतं. जगात एका किसनवर तिचा एवढा जीव होता की त्याच्यासमोर यायचं धाडस तिला होत नव्हतं. आज ते आमच्या बाबतीत होत नव्हतं. जन्मभर मला कुणी इतकं आपलं मानलं नाही, आणि ते मानलेलं मला तिच्या पाठीकडे बघत घ्यावं लागलं. मी तिच्या पाठीला टेकून थोडा वेळ उभी राहिले.

तेवढ्यात रिबका धावत आत आली आणि आक्काच्या पायांना मिठी मारली. आक्कानं आधी पदर डोक्यावरून पुढं ओढला, पार हनुवटीच्या खाली, आणि मगच खाली बसून तिला मांडीवर घेतलं. रिबकाला वाटलं हा खेळ आहे. ती हसत हसत पदर ओढत होती, आणि आक्का एका हातानं तिला पोटाशी धरून दुसऱ्या हातानं तो पदर तोंडावर गच्च धरून बसली होती.